शेवटचा आवाज पोचेपर्यंत

पियानो दारात अडकला होता. मागून वारा ढकलत होता, पुढून माणसं ओढत होती, पण तो जागचा हलायला तयार नव्हता. पाय काढून, घोंगड्यांत गुंडाळून सकाळच्या बोटीने तो लुइस बेटावर उतरला होता, ट्रकमधून माळरान ओलांडून स्कारबॉस्टपर्यंत आला होता, आणि आता गावच्या सभागृहाची चौकट त्याला आत घेईना. मार्सली मॅकऑलेने कोटाच्या बाह्या वर सारल्या आणि स्वतःच खांदा लावला.

"उचलू नका, कलता करा. माझ्या अंगावर येऊ द्या. अजून. घाबरता काय, मोडायचा नाही. माझ्याहून दणकट आहे तो."

"तो असेल गं बाई," गावचा वायरमन मुर्डो धापा टाकत म्हणाला, "माझ्या कमरेची हमी कोण देणार?"

"तुझी कमर लग्नात नाचताना बरी असते. ओढ!"

मुर्डोने दम घेतला आणि ओढायला ताल हवा म्हणून काळ्या गाईचं गाणं सुरू केलं. 'काळी गाय दोर तोडून गेली किनाऱ्याच्या वाटेला...' बाकीचे हसले, पण 'वाटेला'वर सगळ्यांनी एकदम जोर लावला आणि पियानो आत गेला.

मार्सलीने हात झटकले आणि रस्त्यापलीकडे पाहिलं. तिथे तिचा मामा टॉर्मड फाटक दुरुस्त करत होता. म्हणजे एका हातात खिळा होता, दुसऱ्या हातात हातोडा होता, आणि पियानो गाडीतून उतरायला लागल्यापासून तो हातोडा वरचा खाली आलेला नव्हता. जूनचं ऊन पडलं होतं, तरी मामाच्या गळ्याला लोकरी मफलर होता.

"मामा! गेला बरं का आत!"

"दिसतंय की," मामा म्हणाला आणि त्याने खिळा ठोकला. वाकडा गेला.

दुपारी जेवायला बसल्यावर मामाने डोळे मिटून देवाचे आभार मानायला सुरुवात केली. समुद्राबद्दल मानले, बटाट्यांबद्दल मानले, भाची सुखरूप आल्याबद्दल मानले. सुरुवातीला ते नुसतं बोलणं होतं. मग शब्द हळूहळू लांबायला लागले, एकमेकांच्या खांद्यावर हात टाकून चालायला लागले, आणि शेवटी शेवटी ते बोलणं उरलंच नाही. मार्सलीचे डोळे मिटलेले होते, पण टेबलावरच्या कापडावर तिचं बोट हलत होतं.

तिच्या लहानपणी जुन्या पाळकांचं प्रवचन असंच असे. आरंभी ते शेजाऱ्याशी बोलावं तसं बोलत. मग वचन अंगात भिनत जाई, आवाज चढे, वाक्याला चाल फुटे, आणि 'तो मेंढपाळ हरवलेल्याच्या मागे गेला' इथवर येईतो पाळक चक्क गात असत आणि बाकांवर बायका डोळे पुसत असत. मार्सली शाळेतल्या, काही पट्ट्या मुक्या झालेल्या पियानोवर बोटं चालवायला शिकली हे खरं, पण संगीत ती शिकली तिथे, जिथे उंबरठ्याच्या आत कधी वाद्य आलंच नव्हतं. मोठमोठ्या शहरांत तिला विचारत, तुमचे गुरू कोण? ती सांगे, "आमचं चर्च." लोकांना वाटे, बाई गमतीदार आहे.

"आमेन," पेगीमामी म्हणाली, मामाच्या जरा आधीच. "देवाला घाई नसते, पण हेरिंग मासा निवतो."

मामाने तिच्याकडे पाहिलं आणि बटाटा सोलायला घेतला.

"मामा," मार्सली म्हणाली, "उद्या माझ्या कार्यक्रमात, मधल्या भागात ओळ तू टाकायचीस."

"फोनवर नाही म्हणालो होतो."

"फोनवर म्हणालास. आता माझं तोंड बघून म्हण."

"नाही," मामा तिचं तोंड बघून म्हणाला.

ओळ टाकणं म्हणजे काय हे त्या टेबलावर कुणाला सांगायची गरज नव्हती. स्कारबॉस्टच्या चर्चमध्ये एक माणूस उभा राहून स्तोत्राची एक ओळ एकटा म्हणतो. ती त्याने टाकली. मग सगळी मंडळी ती उचलतात. पण एका सुरात, एका चालीने नाही. प्रत्येकाची मुरकी वेगळी, दम वेगळा. कुणी पुढे, कुणी मागे, डोंगरावरून मेंढरं उतरावीत तशी ती ओळ पसरत खाली येते. टाकणारा थांबतो. सगळ्यात मागचा आवाज घरी पोचला की मगच पुढची ओळ. आधी मार्सलीच्या आजोबांनी टाकली, त्यांच्यानंतर त्यांच्या मुलाने, या टॉर्मडमामाने, गावातल्या अर्ध्याअधिक लोकांच्या उभ्या आयुष्यात. गेल्या हिवाळ्यापासून मुर्डो टाकतो.

"ग्लासगोला झालंय की तुझं ते गाणं," मामा म्हणाला. "पेपरात फोटो होता. मग इथे कशाला?"

"तिथे शिकलेले गाणारे होते. मी ओळ टाकली, त्यांनी सगळ्यांनी एका दमात उचलली आणि एका दमात खाली ठेवली. इस्त्रीच्या शर्टासारखी. लोकांनी टाळ्या वाजवल्या आणि मला रडू आलं." तिने हेरिंगचा काटा ताटाच्या कडेला ठेवला. "हे इथलं आहे, मामा. पियानोला बोलता येतं, पण उत्तर तुम्हीच द्यायला हवं. मधला भाग मी रिकामा ठेवलाय. तुम्ही गायला नाहीत तर तिथे भोक राहील."

"स्तोत्र देवाचं असतं. तिकीट लावून म्हणायचं नसतं."

"तिकीट नाहीये. चहा आहे."

"चहा लावूनही म्हणायचं नसतं."

"शब्द नकोतच मला. नुसती चाल."

"शब्दांवाचून चाल उचलायची कुणी? माणसं म्हणजे काय मेंढरं आहेत, नुसतं बें करायला?"

"खरं काय ते सांग ना तिला," पेगीमामी मध्येच म्हणाली.

मामाच्या हातातला बटाटा सोलून झाला होता, तरी तो सोलत राहिला. मग उठला, मफलर नीट केला, आणि 'ती लंगडी मेंढी बघून येतो' म्हणून बाहेर गेला. मेंढी सकाळीच बघून झाली होती.

पेगीमामीने त्याच्या ताटावर झाकण ठेवलं.

"आवाज उतरलाय त्याचा," ती म्हणाली. "वरचा सूर लागत नाही. नाताळानंतरच्या रविवारी, शब्बाथला ओळ टाकली आणि वर जाऊन फुटली. कुणी काही बोललं नाही हो. म्हातारी मंडळी तर उलट प्रेमानेच बघत होती. मी म्हटलं, अरे बाबा, खालच्या पट्टीत टाक, कोण विचारतंय? तर म्हणे, माझ्या बापाने जिथून टाकली तिथूनच टाकीन. मी म्हटलं, बापाने छपरावर शिडी लावली म्हणून तू पडायचंस का?"

"मग?"

"मग काय, बसला खाली. मुर्डोला म्हणाला, तू टाक." मामीने आवाज खाली आणला, घरात दुसरं कुणी नव्हतं तरी. "आणि बाई, खाली बसला तो बसलाच. उचलतही नाही. शेजारी मी बोंबलतेय, मागे मुलं गातायत, आणि हा पुस्तक धरून असा बसतो, जसा काही पहाऱ्यालाच ठेवलाय. जन्मभर पुढे चालला ना. मागून यायचं कसं, हे त्याला माहीतच नाही."

मार्सलीने खिडकीबाहेर पाहिलं. कुंपणापाशी मामा पाठमोरा उभा होता आणि समोरची मेंढी आपल्याला काय झालंय ते न कळून त्याच्याकडे पाहत होती.

"मी ती ओळ आजोबांच्याच पट्टीत लिहिलीय," ती म्हणाली.

"लिही बाई. तुझ्या बोटांना काय, कुठेही चढतात."

संध्याकाळी ती सभागृहात एकटीच सराव करत बसली. उजेड होता, या दिवसांत तो जायचं नावच घेत नाही. मामा टाकणार नव्हता, तेव्हा मधल्या भागाची ओळ तिने स्वतःच वाजवली, एकेक सूर, मुरकीसकट, आजोबा टाकत तशी. पायाखालचं पेडल दाबून धरलं. शेवटचा सूर पियानोच्या पोटात घुमत राहिला, पातळ होत गेला. ती हलली नाही.

"किती वेळ थांबणार आहेस अशी?"

मामा दारात होता. हातात एक खुर्ची होती. सभागृहात खुर्च्यांचा ढीग पडलेला असताना त्याने घरून आणलेली.

"शेवटचा आवाज पोचेपर्यंत," मार्सली म्हणाली. "कोठारात तूच शिकवलंस."

मामाने खुर्ची खाली ठेवली. कोठाराच्या आठवणीने त्याच्या तोंडाचा एक कोपरा हलला. आठवडाभर संध्याकाळी तिथे गावातली पोरं चाली शिकत. पण स्तोत्राचे शब्द चुका करायला वापरायचे नाहीत, हा जुना दंडक. शिकताना सूर गडगडतो, कुणी हसतं, कुणी जांभई देतं. देवाच्या शब्दांची अशी ओढाताण होऊ द्यायची नाही. म्हणून सरावाला काळ्या गाईचं गाणं. गावातल्या प्रत्येकाने प्रत्येक चाल त्या गाईच्या पाठीवर बसूनच गिरवली होती.

"आणि कुणी घरून निघालंच नाही तर?" मामाने विचारलं.

"तर थांबेन."

"सगळ्या गावासमोर? मुकी?"

"मामा, मी राण्यांसमोर वाजवलंय. गावासमोर नुसतं बसायला मला काय होतंय?"

"राण्या सोप्या," मामा म्हणाला. "त्यांना तुझं बाळपण माहीत नसतं." दारापाशी जाऊन तो थांबला. पियानोकडे न बघता म्हणाला, "पट्टी बरोबर आहे. बापाचीच आहे." आणि गेला.

दुसऱ्या दिवशी, शुक्रवारी, सभागृह भरलं. खुर्च्या संपल्या, मग बाकडी आली, मग लोक खिडक्यांच्या कठड्यावर बसले. पाळकही आले आणि दाराजवळ बसले, म्हणजे आलोही आहे आणि फारसा आलोही नाही असं दिसावं. पेगीमामी पुढून तिसऱ्या रांगेत होती. तिच्या बाजूला मामा, घरून आणलेल्या त्याच खुर्चीवर, दोन्ही हात गुडघ्यांवर, मफलर गळ्याला.

पहिल्या भागात मार्सलीने बेटावरचा वारा वाजवला आणि बोट वाजवली आणि लग्नातला नाच वाजवला. नाचाच्या वेळी बाकड्यांखाली बुटांच्या टाचा आपोआप हलायला लागल्या, तेव्हा तिने मान न वळवता हसून घेतलं. हात मोकळे होते, सूर सांगतील तिथे जात होते. आपली माणसं समोर बसली की बोटांना घाबरायचं कारण राहत नाही, असं तिला वाटलं, आणि तिने तो नाच लिहिला होता त्यापेक्षा एक फेरी जास्त वाजवला. मागून मुर्डोने चक्क 'हे!' म्हणून आरोळी ठोकली, आणि पाळकांनी खिडकीबाहेर बघितलं.

मग तिने हात खाली घेतले. सभागृह शांत झालं. आणि तिने ओळ टाकली.

ती काय आहे हे कुणाला सांगावं लागलं नाही. पहिल्या तीन सुरांतच माना वर झाल्या. ही चाल त्यांच्या आया चुलीपाशी गुणगुणत, हीच त्यांच्या बापांना पुरताना म्हटली होती. शेवटचा सूर लागला, पेडल दाबलेलं राहिलं, आणि ओळ सगळ्यांच्या मध्ये जमिनीवर येऊन पडली.

कुणी उचलली नाही.

स्तोत्राचे शब्द सगळ्यांच्या ओठांवर आले असणार, कारण ओठ हलले. पण ही जागा चर्च नव्हती आणि कोपऱ्यात चहाची किटली उकळत होती. मुर्डोने तोंड उघडलं, मामाच्या पाठीकडे पाहिलं, आणि मिटलं. बऱ्याच जणांनी मामाच्या पाठीकडे पाहिलं. ती पाठ भिंतीसारखी होती.

मार्सली थांबली. टाकलेली ओळ परत टाकत नाहीत. सूर विरत विरत संपला, मग खिडकीवर वारा ऐकू आला, मग कुणीतरी खोकलं. तिच्या घोट्याला रग लागली. समोरच्या कागदावर यानंतर काय वाजवून वेळ सावरायची, तेही तिने हुशारीने लिहून ठेवलं होतं. तिने तो कागद उलटा करून ठेवला.

आणि तिसऱ्या रांगेतून एक बारीक, चिरका, निर्लज्ज आवाज निघाला.

"काळी गाय..."

पेगीमामी. मान वर, डोळे मिटलेले, 'गाय'वर भलीमोठी मुरकी.

सभागृहात हशा फुटला. पण हसता हसताच मागच्या बाकड्यावरून कुणीतरी 'दोर तोडून'ला जाऊन मिळालं, खिडकीतून कुणीतरी, मग मुर्डो, मग बायका, आणि हसू कधी गळून पडलं ते कुणाला कळलं नाही. चाल मोठी होती. गाईसकट सगळ्यांना पोटात घेऊन ती वर चढली. कुणी पुढे होतं, कुणी मागे. एक म्हातारा भलत्याच वाटेने निघाला होता पण पोचत होता. आवाजांचा लोंढा छपरापर्यंत गेला आणि पसरत, वळत, 'किनाऱ्याच्या वाटेला' उतरायला लागला. दाराजवळ पाळकांनी डोळे मिटले होते. त्यांची हनुवटी हलत होती.

मार्सलीचे हात मांडीवर होते. ग्लासगोत टाळ्यांच्या कडकडाटात जे उत्तर मिळालं नव्हतं ते आता समोरून येत होतं, आणि ती ताठ बसून राहिली.

एकेक आवाज घरी पोचला. मुर्डो पोचला. बायका पोचल्या. पेगीमामी सगळ्यांत आधी निघूनही जवळजवळ शेवटी पोचली, कारण तिने वाटेत एकही मुरकी सोडली नव्हती. मग शांत झालं.

पुढच्या ओळीचा पहिला सूर मार्सलीच्या बोटाखाली तयार होता. बोट तिने पट्टीवर ठेवलं, पण दाबलं नाही. ती मफलरकडे बघत होती.

सभागृहही बघायला लागलं. कुणी चुळबूळ केली नाही. ही माणसं थांबायला शिकलेली होती. दर शब्बाथला ती कुणा ना कुणासाठी थांबत आली होती, आणि ज्याने त्यांना ते शिकवलं तोच आता मागे राहिला होता.

मामाचे हात गुडघ्यांवरून उठले आणि परत गुडघ्यांवर बसले. मग तो निघाला.

'काळी'वर आवाज जाड होता, वापरात नसलेल्या फाटकासारखा. 'दोर तोडून'ला वर चढायचं होतं. तो चढला, आणि तिथे आवाज फुटला, नाताळानंतर फुटला होता तसाच, सगळ्या गावासमोर. क्षणभर तो तिथेच थांबला. पेगीमामीने त्याच्याकडे पाहिलं नाही. तिने फक्त आपला कोपर हलवून त्याच्या कोपराला लावून ठेवला. मग मामाने तो फुटका सूर तसाच हातात धरला आणि चालत राहिला, एकटा, सगळ्यांच्या मागे, न घाई करता, शेवटच्या 'वाटेला'पर्यंत.

पोचला.

आता पुढची ओळ. 'संध्याकाळ झाली, कोण जाऊन आणील तिला गोठ्याला.' ती आणखी वर जाते, हे तिथल्या पोराटोरांना माहीत होतं. मामाला तर होतंच. त्याने श्वास घेतला आणि खांदे आवळले.

मार्सलीने पट्टीवर ठेवलेलं बोट उचललं. हात डावीकडे सरकवला, आजोबांच्या पट्टीच्या बराच खाली, जिथे पियानोचा आवाज जुन्या लाकडासारखा उबदार होतो. आणि तिथून तिने ओळ टाकली.

मुर्डोने चमकून वर पाहिलं. बाकी कुणाच्या लक्षातही आलं नाही. सगळे आपापल्या श्वासात होते.

मामाच्या मात्र आलं. त्याने मान वळवून भाचीकडे पाहिलं, आदल्या दिवशीच्या त्या वाकड्या खिळ्याकडे पाहावं तसं, थोडा वेळ. ती त्याच्याकडे बघत नव्हती. तिचा पाय पेडलवर होता आणि ती वाट बघत होती.

मग मामाने गळ्याचा मफलर सोडला, घडी करून पेगीमामीच्या मांडीवर ठेवला, आणि यावेळी ओळ सगळ्यांत आधी उचलली.